खाणीत स्कूबा: वेव्हर लिहून घेताना या चुका टाळा

बंद पडलेली दगडखाण किंवा खोल विहीर स्कूबाच्या सरावाला द्यायचं ठरलं की पहिली चूक नेटवरच होते. अमेरिकन वेव्हर, म्हणजे जबाबदारी माफ केल्याचा फॉर्म, उतरवला जातो. त्यात फ्लोरिडाचा कायदा तसाच राहतो आणि 'आमच्या निष्काळजीपणासह सर्व जबाबदारी माफ' ही ओळही. आपल्याकडे त्या ओळीवर विसंबू नका. सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 खाली रद्दबातल ठरतो आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी अटींना अनुचित करार म्हणता येतं. निष्काळजीपणाने कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं. तिथे मयताची सही दाखवून सुटका होत नाही. स्टॅम्पपेपर आणि नोटरीनेही यात फरक पडत नाही.

मग फॉर्म कशाला? धोका आधी सांगितला होता, याचा पुरावा म्हणून. 'स्कूबा धोकादायक आहे' एवढ्याने तो होत नाही. असं लिहा: 'पूर्वेला खोली 14 मीटर. तळाशी गाळ आणि जुनी वायररोप. गाळ उठला की स्वतःचा हात दिसत नाही. पश्चिमेला पाणउपशाचा पंप. डाइव्ह चालू असताना मेन स्विच बंद, फ्यूज मालकाच्या खिशात.' आणि लिहिलंत तर फ्यूज खरंच काढा, नाहीतर तोच कागद तुमच्यावर उलटेल.

उंची हमखास विसरली जाते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे आणि 300 मीटरच्या वर डाइव्हचं गणित बदलतं. समुद्रासाठीची डाइव्ह टेबलं (किती खोलीवर किती वेळ थांबायचं याचे तक्ते) इथे तशीच वापरू नका. डाइव्हनंतर लगेच आणखी उंचावर जाणं धोक्याचं, म्हणून त्याच दिवशी सिंहगडावर भजी खायला जाऊ नये, हेही फॉर्ममध्ये घाला.

फॉर्मवर फक्त प्रशिक्षकाचं नाव असतं, जमीनमालक राहून जातो. सातबारा काढा, त्यावरचे सगळे सहहिस्सेदार लिहा.

काठावर, वेटसूट अर्धा चढवलेला असताना आरोग्याची प्रश्नावली दिली की सगळे डोळे झाकून 'नाही'वर खूण करतात. दमा, फिट्स, कानाचं ऑपरेशन, हृदयविकार, गर्भारपण यांतलं काही असेल तर डॉक्टरांची सही लागते आणि ती काठावर मिळत नाही. प्रश्नावली चार दिवस आधी, मराठीत पाठवा.

अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार मुळातच शून्य. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1903 मध्येच तसं ठरवलं. आईवडिलांची सही संमती म्हणून जरूर घ्या, पण मुलाचा भरपाईचा हक्क त्याने संपला असं धरू नका. पॅडी या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ओपन वॉटर या सुरुवातीच्या कोर्सचं किमान वय 10 आहे, त्याखाली खाण नकोच.

ग्राहक तक्रारीची मुदत 2 वर्षं. फॉर्म निदान 3 वर्षं ठेवा. मुलांचे फॉर्म त्याहून जास्त, कारण त्यांची मुदत सज्ञान झाल्यावर मोजली जाते.