जुन्या अमेरिकन फुटबॉल प्लेअरचं करिअर वाचायचंय? मग पोलार्डपासून सुरू करा

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या सुरुवातीच्या काळाबद्दल नवीन वाचणारे बरेच जण विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून माझी पद्धत सांगतो. पहिलं म्हणजे आकडे शोधत बसू नका. 1932 च्या आधी लीग अधिकृत आकडेवारी ठेवतच नव्हती, कोण किती यार्ड पळाला ते त्या वेळच्या पेपरांत सापडेल तेवढंच. मी उलटं करतो, माणूस कुठल्या वर्षी कुठल्या गावात होता आणि पोटापाण्यासाठी अजून काय करत होता ते वहीत मांडतो.

आता फ्रिट्झ पोलार्ड बघा. जन्म 1894, शिकागोचा, ब्राउन युनिव्हर्सिटीकडून 1916 चा रोझ बोल (कॉलेज टीमची मोठी मॅच) खेळला आणि तिथे खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. वजन जेमतेम 75 किलो! 1920 ला अ‍ॅक्रन प्रोज ह्या टीममध्ये आला, लीगचं ते पहिलंच वर्ष, एनएफएल हे नावसुद्धा 1922 मध्ये पडलं. अ‍ॅक्रन एकही मॅच न हरता चॅम्पियन झाले, पुढच्या वर्षी हा खेळता खेळता कोचिंगही करायला लागला. पण कपडे बदलायचे ते टीमसोबत नाही, मालकाच्या सिगारच्या कारखान्यात, असं तो स्वतःच सांगायचा. खाली पडला की लगेच पाठीवर वळून पाय वर धरायचा, म्हणजे मुद्दाम अंगावर उड्या मारणाऱ्यांना बुटाचे खिळे लागतील. हे कुठल्या टेबलात दिसणार?

मग 1925 बघा, एकाच सीझनला हॅमंड, अ‍ॅक्रन आणि प्रॉव्हिडन्स अशा तीन टीम. नवीन माणसाला वाटतं रेकॉर्डमध्ये घोळ आहे, पण तसं नाही, आपल्याकडे टेनिस बॉल टूर्नामेंटला पैसे देऊन बाहेरगावचा प्लेअर उतरवतात ना, साधारण तसाच कारभार होता. 1921 ला अ‍ॅक्रनमध्ये त्याच्याबरोबर खेळलेला पॉल रॉबसन, पुढे गायक-नट म्हणून गाजलेला, तर तेव्हा कोलंबिया युनिव्हर्सिटीत लॉ शिकत होता.

रिकाम्या वर्षांकडेही नीट बघा. 1926 नंतर पोलार्ड लीगमध्ये नाही, आणि 1934 ते 1945 तर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. ह्या काळात त्याने स्वतःच कृष्णवर्णीयांच्या टीम चालवल्या, न्यूयॉर्कची ब्राउन बॉम्बर्स त्यातलीच. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलच्या मानाच्या यादीत, नाव लागलं 2005 ला, माणूस 1986 लाच गेलेला.

पोलार्ड झाला की पज हेफेलफिंगर घ्या, पैसे घेऊन खेळलेला पहिला माहीत असलेला फुटबॉल प्लेअर. 12 नोव्हेंबर 1892 ला पिट्सबर्गमध्ये एका मॅचचे 500 डॉलर घेतले, आणि हे कळलं कशावरून, तर क्लबच्या हिशोबाच्या पानावरून.