बोरू तासायचा तर आधी चीर शिका

ट्रंकेच्या तळाला मोडीतलं खरेदीखत सापडलं की आमच्या बेळगाव-खानापूरकडं कुणाला ना कुणाला मोडी शिकायची हुक्की येते. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुन्या घरांत असले कागद अजून निघतात. शिकायला येणारा जेल पेन घेऊन येतो. मी ते बाजूला ठेवायला लावतो आणि आधी बोरू, म्हणजे शाईत बुडवून लिहायची लेखणी, तासायला बसवतो. मोडीत अगोदर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, तेही शक्यतो हात न उचलता. त्या धावण्यातली जाड-बारीक वळणं जेल पेनातून उतरत नाहीत.

बोरू म्हणजे ओढ्याकाठी वाढणारा पोकळ नळ. मार्कंडेयच्या किंवा मलप्रभेच्या काठानं जरा हिंडलात की दिसेल. शेताच्या बांधावरचा असेल तर मालकाला विचारून तोडा. पावसाळ्यात तोडलेला कोवळा असतो, वाळला की सुरकुततो. संक्रांत उलटल्यावर पिवळा पडलेला, पेन्सिलीएवढा जाड घ्या आणि महिनाभर सावलीत ठेवा. फरशीवर टाकल्यावर टणटण वाजला तर तयार. नवशिके उसाच्या तुऱ्याची काडी नाहीतर जोंधळ्याचं धाट उचलून आणतात. ते आत भरीव आणि भुसभुशीत असतं, शाईत बुडवलं की वातीसारखं फुगतं. बांबूची बारीक कामटीही चालते, पण पहिल्याच दिवशी तिच्या नादी लागू नका, बोटं कापून घ्याल. आणि मिठाच्या पाण्यात उकळा, तेलात बुडवा, हे जे कुणीकुणी सांगतात, त्यातलं काही करू नका. मी सगळं करून बसलोय.

वीतभर तुकडा कापा, पेर म्हणजे नळाची गाठ मागच्या टोकाला ठेवा. पुढं खालच्या बाजूनं इंचभर लांब उतार तासा, आतला पांढरा पापुद्रा खरवडून काढा, दोन्ही खांदे सारखे उतरवा. चाकू अंगाकडं ओढायचा नाही. इथवर दहा मिनिटं.

आता चीर, म्हणजे शाई टोकापर्यंत यायला टोकाच्या मधोमध दिलेली उभी भेग. इथं माझी दोन वर्षं गेली.

नळाचे तंतू टोकापासून पेरापर्यंत सरळ जातात, त्यांना आडवं धरून ठेवणारं काही नसतं. त्यामुळं चाकू टेकवून जरा जोर केला की ‘चर्र’ असा आवाज येतो आणि भेग थेट पेरापर्यंत पळते. एका संध्याकाळी मी नऊ बोरू घेऊन बसलो, त्यांतले सात असे उभे फाटले. उरलेल्या दोनांची चीर मधोमध नव्हती. एक पाय जाड, एक बारीक. दाब दिला की बारीक पाय बाहेर वाकायचा आणि कागदावर डाग पडायचा. माझी समजूत अशी की हात जड आहे. खरं तर चाकू चुकीचा होता. कलमं बांधायचा माझा चाकू एकाच अंगानं धारेचा, तो आत शिरला की पाचरीसारखा एका बाजूला ढकलतो आणि चीर तिरकी जाते. तासायला तोच चाकू ठेवा, चिरेला मात्र पेपर कटरचं नवं पातळ पातं घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे भोक. चीर द्यायच्या आधी, टोकापासून साधारण दीड सेंटिमीटरवर, बरोबर मध्यावर, तापवलेल्या दाभणानं बारीक भोक पाडा. भेग पळत पळत भोकापाशी आली की तिचं टोक बोथट होतं आणि ती बहुतेक वेळा तिथंच थांबते. हे ‘नंतर पाडू’ म्हणणाऱ्यांचे बोरू मी चुलीत गेलेले पाहिलेत. उन्हाळ्यात नळ फार कडक होतो, तेव्हा टोक अर्धा तास पाण्यात ठेवा. मग पातं मध्यावर टेकवून, डाव्या अंगठ्यानं भोकाच्या वरची बाजू घट्ट दाबून, पातं हळूहळू आत झुलवा. पिळायचं नाही, ठोकायचं तर मुळीच नाही.

चीर बरी झाली का हे उजेडाकडं धरून बघा. केसाएवढी रेघ दिसावी, पण फट दिसू नये. नखावर टोक दाबलं की ती जराशी उघडावी, सोडलं की मिटावी. कायम उघडी राहिली तर शाई टोकापर्यंत येत नाही, मध्येच अडते. मग माणूस शाईला दोष देतो, पातळ करतो आणि अजून बिघडवतो. तसला बोरू पुढून कापून पुन्हा करा. लांबी आहे की अजून.

चीर झाल्यावरच टोकाचा शेवटचा काप द्यायचा, म्हणजे चिरेशी फुटलेले तंतू त्यात निघून जातात. टणक लाकडावर टोक पालथं ठेवा, पातं उभं धरा आणि एकदाच दाबा. ‘टक्’ आवाज आला पाहिजे. करवतीसारखं घासलंत तर कड फाटकी येते. आणि काप कुठल्या बाजूला तिरपा, हे नीट ऐका: इंग्रजी किंवा उर्दू अक्षरांसाठी दाखवतात त्याच्या उलट. बोरूची पाठ वर आणि टोक आपल्यापासून लांब असं धरलं की डावा कोपरा पुढं, उजवा मागं. खात्री करायला ‘र’ काढा. खालची शेपटी बारीक होत गेली तर काप बरोबर. शेपटी जाड आली तर व्हिडिओ बघून तासलाय तुम्ही.

रोजच्या लिखाणाला दीड मिलिमीटर रुंदी पुरते. शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकाची, नाहीतर दुकानातली कुठलीही पाण्यात विरघळणारी. दौतीत कापडाचा बोळा टाका, म्हणजे बोरू आपसूक बेतानं बुडतो. काम झालं की टोक धुऊन पुसा आणि आडवा ठेवा. आषाढात आमच्याकडं भिंतींना ओल येते, तेव्हा बोरूंची जुडी चुलीवरच्या माळ्यावर टांगा. दौतीत उभा सोडलेला बोरू दुसऱ्या दिवशी उचलाल तेव्हा चीर फुलून उघडी पडलेली असेल.