बे एरियात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी : आग, धूर आणि शेजारी

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना घर, शाळा आणि गाडी यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. उघड्यावर काही पेटवण्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही, म्हणून मी तेवढ्याच विषयावर लिहीत आहे.

माझे वडील साताऱ्याहून पहिल्यांदा आमच्याकडे आले, तो ऑक्टोबर महिना होता. गावाकडच्या सवयीने त्यांनी सकाळी परसातला पालापाचोळा झाडून कोपऱ्यात गोळा केला आणि काडी लावली. पाचच मिनिटांत शेजारच्या बाई बागेची पाण्याची नळी घेऊन कुंपणापाशी आल्या आणि थरथरत्या आवाजात ओरडू लागल्या. मला त्यांचा राग आला. वडील तर त्या दिवशी धड जेवलेही नाहीत. पुढे कळले, की २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये त्या शेजारणीच्या बहिणीचे, येथून उत्तरेकडच्या सँटा रोझा शहरातले घर वणव्यात एका रात्रीत जळून गेले होते. आपल्या घरातल्या धुराबद्दल शेजारी तक्रार करतात तेव्हा ती आपल्या रीतिरिवाजांविरुद्ध आहे, असे कृपया लगेच धरून चालू नका.

येथील ऋतुचक्र आपल्यापेक्षा उलटे आहे. पाऊस हिवाळ्यात पडतो, मे ते ऑक्टोबर जवळजवळ कोरडे जातात, आणि टेकड्यांवरचे गवत वाळून पिवळे झालेले असते, त्याच सुमारास ईशान्येकडून ‘डायब्लो’ नावाचे कोरडे, जोरदार वारे सुटतात. आपली दिवाळी नेमकी याच दिवसांत येते. त्यात येथील बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी असतो. आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या भिंतींचा भरवसा येथे धरता येत नाही. मोठ्या आगीत घरे पेटतात ती पुष्कळदा वाऱ्याबरोबर दूरवर उडत आलेल्या निखाऱ्यांमुळे, जे छताच्या पन्हळीतल्या सुक्या पानांवर, दारातल्या पायपुसण्यावर किंवा लाकडी कुंपणाच्या बुडाशी पडतात. सँटा रोझात आगीने सहा पदरी महामार्ग ओलांडून कॉफी पार्क ही सपाटीवरची वस्ती गाठली, ती अशीच. ओकलंडच्या टेकड्यांवर २० ऑक्टोबर १९९१ रोजी जी आग भडकली, ती आदल्या दिवशी विझवलेल्या गवताच्या आगीतून पुन्हा पेटली होती, आणि तिच्यात २५ माणसे गेली.

२०१८ च्या दिवाळीच्या दिवसांत, ८ नोव्हेंबरला, उत्तर कॅलिफोर्नियातले पॅराडाइज हे गाव वणव्यात जळाले आणि ८५ जणांचा मृत्यू झाला. तिथला धूर दीडशेहून अधिक मैलांवर आमच्यापर्यंत आला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ज्यांच्या मुलांना दमा आहे, त्यांना ते दिवस विसरता येत नाहीत.

म्हणून पालापाचोळा किंवा घरचा कचरा अंगणात जाळू नका. तसे करणे येथे बेकायदेशीरच आहे. बागेचा कचरा नेण्याची सोय प्रत्येक शहरात असते, आणि सॅन होझेत तर तो रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवला तरी उचलून नेतात. सॅन होझे, फ्रीमॉन्ट यांसारख्या शहरांत फटाके पूर्णतः निषिद्ध असून त्यांत फुलबाजीही येते. मुलांचा हिरमोड होतो हे मला कळते, पण पणत्या आणि आकाशकंदील यांनीही दिवाळी साजरी होते. हवेत धुराचे कण वाढल्याचा ‘स्पेअर द एअर’ हा सरकारी इशारा असलेल्या दिवशी घरातल्या शेकोटीतही लाकूड जाळायचे नसते. अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवू नका, आणि इतरत्र वांगी किंवा कणसे भाजलीत, तर राख पाण्याने भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेतही निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. वास्तुशांतीचा होम करायचा असेल, तर घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या, कुंड लहान आणि वीट किंवा फरशीवर ठेवा, आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून स्मोक अलार्मची बॅटरी काढू नका.

आपल्या काउंटीच्या (म्हणजे येथील जिल्ह्याच्या) आपत्कालीन सूचनांसाठी फोन नंबर नोंदवणे हे पहिल्याच आठवड्याचे काम समजा. ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ (कोरड्या, वाऱ्याच्या हवेमुळे आग झपाट्याने पसरण्याचा इशारा) असेल त्या दिवशी गाडीत पुरेसे इंधन ठेवा आणि पासपोर्ट, व्हिसाचे मूळ कागद, औषधे व चष्मे एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा; कागद जळाले तर ते पुन्हा मिळवताना होणारी दमछाक मी जवळून पाहिली आहे. अनोळखी धूर दिसल्यास दुसऱ्या कोणी कळवले असेल असे न समजता ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. भारतातून आलेल्या आईवडिलांना घराचा पूर्ण पत्ता इंग्रजीत म्हणता येईल अशी तयारी करून घ्या, आणि तो मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवून ठेवा.