रात्रीचे रिपोर्टिंग बाहेर देणाऱ्या गटात रुजू होण्यापूर्वी

अमेरिकेत रेडिऑलॉजीची रेसिडेन्सी, म्हणजे एक्स-रे व स्कॅन वाचण्याचे तज्ज्ञ-प्रशिक्षण, संपवून पहिली नोकरी शोधणारे मराठी डॉक्टर मला बहुधा पगार आणि सुट्ट्या यांविषयी विचारतात. मी त्यांना आधी एवढेच विचारून घ्यायला सांगतो, की रात्री दहानंतर आलेला सीटी स्कॅन कोण वाचतो आणि त्याच्या अंतिम अहवालावर सही कोणाची असते.

मध्यपश्चिमेतील एका लहान शहरात, रुग्णालयाशी करार करून त्याचे स्कॅन वाचणाऱ्या, डॉक्टरांच्याच मालकीच्या गटात मी रुजू झालो तेव्हा रात्रीचे काम टेलिरेडिऑलॉजी कंपनीकडे, म्हणजे दूरवर बसून स्कॅन वाचणाऱ्या कंपनीकडे, सोपवलेले होते. ही पद्धत नावारूपाला आणली ती २००१ मध्ये आयडाहोत सुरू झालेल्या नाइटहॉक या कंपनीने. तिचे अमेरिकी परवानाधारक डॉक्टर सिडनी आणि झुरिक येथे दिवसा बसून इथल्या रात्रीचे स्कॅन वाचत. मात्र देशाबाहेर बसून केलेल्या वाचनाचे पैसे मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना देत नाही, त्यामुळे तिकडून येई तो प्राथमिक अहवाल, आणि अंतिम अहवाल सकाळी गटातील डॉक्टर देत. (पुण्यातले मित्र म्हणतात, ‘आमची सकाळच असते, आम्हीच वाचतो की!’ परंतु त्यासाठी रुग्णाच्या राज्याचा परवाना आणि त्या रुग्णालयाची मान्यता, दोन्ही लागतात.)

गटाचे खरे संरक्षण मेडिकेअरच्या या अटीत होते, असे माझे मत आहे. पुढे कंपन्यांनी अमेरिकेतच घरून वाचणारे डॉक्टर नेमले, अंतिम अहवालही रात्रीच मिळू लागले, आणि जे रात्री चालते ते दिवसा का चालू नये, असा प्रश्न आमच्या रुग्णालयाच्या प्रशासनाने कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी उघडपणे विचारला. गटाने एक आठवडा काम व दोन आठवडे सुट्टी या बोलीवर स्वतःचे रात्रीचे डॉक्टर नेमले आणि करार टिकवला. भागीदारांचे उत्पन्न त्यामुळे घटले. कुरकुरही बरीच झाली.

मालकीचा गुंता याहून अवघड आहे. नाइटहॉक २०१० मध्ये व्हर्च्युअल रेडिऑलॉजिक या तशाच दुसऱ्या कंपनीकडे गेली. त्याच वर्षी ती दुसरी कंपनी एका खाजगी गुंतवणूक संस्थेने घेतली होती. २०१५ मध्ये मेडनॅक्स आणि २०२० मध्ये रेडिऑलॉजी पार्टनर्स असे मालक पुढे बदलत गेले. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू यॉर्क या राज्यांत डॉक्टर नसलेल्यांनी वैद्यकीय व्यवसायाची मालकी घेण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही कागदोपत्री मालक एखादा डॉक्टर आणि व्यवस्थापन, वसुली, नेमणुका मात्र कंपनीकडे, अशी रचना सर्रास आढळते. ओरेगॉनने २०२५ मध्ये केलेला कायदा नेमका तिलाच आवर घालू पाहतो.

नवख्या डॉक्टरला याची झळ भागीदारीच्या बाबतीत बसते. गट विकला गेला की ज्येष्ठ भागीदारांना एकरकमी मोबदला मिळतो, तर भागीदारीची वाट पाहत कमी पगारावर राबणारा डॉक्टर एका दिवसात केवळ पगारदार होतो. म्हणून विक्री झाल्यास अशा डॉक्टरला काय मिळेल आणि सोडून गेल्यास जवळच्या रुग्णालयात काम करण्यावर बंदी राहील का, ही दोन कलमे सही करण्यापूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावीत. पहिले कलम करारात नसेलच, तर ते घालायला सांगावे. तोंडी आश्वासन देणारा भागीदार विक्रीच्या वेळी निवृत्त झालेला असू शकतो.