कराडहून खाडीपर्यंत : गाडीच्या टपावरून कयाक नेण्याची रीत

सातारा जिल्ह्यात राहून कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने किंवा पायाने चालवायच्या छोट्या अरुंद नावेतून, गळाची मासेमारी करणाऱ्याचे पाण्यातल्यापेक्षा रस्त्यावरच अधिक तास जातात. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण गाठायचे आणि तिथून वाशिष्ठीच्या अंगाने दाभोळच्या खाडीकडे वळायचे, म्हणजे दहा-बारा फुटांची नाव अर्धा दिवस टपावर राहते. या प्रवासात तिला वारा, खड्डे, गतिरोधक, ऊन आणि घाटातली वळणे सोसावी लागतात. गावातल्या गावात नदीपर्यंत नाव नेताना जे चालून जाते ते इथे चालत नाही.

माझ्या पहिल्या मोठ्या फेरीत पाटणच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा कॅरिअरचा, म्हणजे नाव ठेवायला टपावर बसवलेल्या दोन आडव्या बारांपैकी, पुढचा बार चार बोटे मागे सरकलेला दिसला. पट्टे जसेच्या तसे घट्ट होते आणि नाव बारवरून जराही हललेली नव्हती. सरकले होते ते नावेसकट कॅरिअर. नाव कॅरिअरला बांधताना आपण जिवाचे रान करतो, पण ते कॅरिअर गाडीला कशाने धरलेले आहे हे फार थोडे जण पाहतात. पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक याच एका प्रश्नाभोवती फिरते.

मासेमारीच्या प्लॅस्टिकच्या कयाक साधारणपणे १० ते १३ फूट लांब, ८० ते ९० सेंटिमीटर रुंद आणि २५ ते ४५ किलो वजनाच्या असतात. पायाने चालवायच्या याहूनही जड असतात. गाडीच्या टपावर किती वजन चालते हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्या आकड्यात कॅरिअरचे वजनही धरायचे असते. समजा मर्यादा ५० किलो आहे, कॅरिअर ७ किलोचे आहे आणि नाव ३४ किलोची आहे, तर हाताशी उरतात फक्त ९ किलो. म्हणून बैठक, वल्ही, पायडलची यंत्रणा, बॅटरी, नांगर, गळाच्या काठ्या हे सगळे काढून गाडीच्या आत ठेवावे. त्याने वजन कमी होते, आणि वाऱ्याने सुटून मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाईल असे काही नावेत उरत नाही.

आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांच्या टपावर जे दोन लांब रूळ दिसतात, ते पुष्कळदा केवळ शोभेचे असतात. ते चिकटवलेले किंवा हलक्या क्लिपांवर बसवलेले असतात आणि त्यांवर वजन टाकण्याची परवानगी पुस्तिकेत नसते. दुकानदार त्यांवर बार बसवून देतो, बार पक्का बसल्यासारखा वाटतोही. परंतु वारा नावेला वर उचलू लागला की सगळा ताण त्या क्लिपांवर येतो. टपाला बोल्टसाठी तयार जागा असेल तर तिथेच बसणारे, नसेल तर दाराच्या चौकटीला पकडणारे आणि त्याच गाडीसाठी बनवलेले कॅरिअर घ्यावे. जुन्या जीपगाड्यांच्या टपाला कडेने पन्हळ असते, तिला आवळून बसणारे कॅरिअर अजूनही भरवशाचे आहे. दोन बारांमध्ये गाडी देईल तेवढे जास्तीत जास्त अंतर ठेवावे, कारण बार जितके जवळ तितका नाकावर बसणारा वाऱ्याचा फटका तरफेसारखा काम करतो.

लांबीचाही विचार खरेदीच्या वेळीच करावा. आपल्याकडच्या बऱ्याचशा गाड्या चार मीटरच्या आत असतात आणि १२ फुटी नाव ३.६६ मीटर भरते. म्हणजे नीट मध्यावर ठेवली तर ती गाडीच्या पुढे-मागे बाहेर येत नाही. १३ फुटी नाव सुमारे ३.९६ मीटर होते आणि तिथे हिशेब अगदी काठावर येतो. बाहेर आलेला माल हा अपघाताला आणि दंडाला सारखेच निमंत्रण आहे, म्हणून लांब प्रवास ठरलेला असेल तर मी १२ फुटांच्या वर जाण्याचा सल्ला देणार नाही. रात्री उशीर होण्याची शक्यता असेल तर मागच्या टोकाला लाल कापड आणि प्रकाश परतवणारी पट्टी दोन्ही लावावीत.

चढवण्यासाठी दोन माणसे हवीत. मागच्या काचेवर आणि टपाच्या मागच्या कडेवर जुनी सतरंजी घडी करून टाकावी, नावेचे नाक मागच्या बारवर टेकवावे आणि मग मागून उचलून पुढे सरकवावे. एकदम पूर्ण नाव डोक्यावर घेण्याची गरज नसते. बैठक काढलेली प्लॅस्टिकची नाव पालथी, म्हणजे काठांवर टेकवून ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते. नावेचे काठ ताठ असतात, तर तळ उन्हात मऊ पडून बारच्या जागी खळगा धरतो. शिवाय वळवाचा पाऊस आलाच तर पालथ्या नावेत पाणी साठत नाही. काठाशी गळाच्या काठीचे होल्डर बारला अडत असतील तर तेही काढून ठेवावेत.

पट्टे दोन, प्रत्येक बारला एक, आणि ते एक इंच रुंदीचे पॉलिएस्टरचे, दातेरी कॅम बकलचे, म्हणजे हाताने ओढून आवळले की दात्यांनी पट्टा पकडून ठेवणाऱ्या बकलचे असावेत. ट्रकवाले वापरतात तो रॅचेट, म्हणजे दांडा हलवून खटक्याखटक्याने आवळायचा पट्टा फार ताकदीचा असतो आणि तेच त्याचे वैगुण्य आहे : दोन खटके जास्त पडले तरी हाताला कळत नाही आणि एप्रिलच्या उन्हात नाव कायमची चेपते. नायलॉनची दोरी भिजल्यावर सैल होते, त्यामुळे मुख्य बांधणीसाठी ती नको. पट्टा नावेवरून टाकून बारखालून घ्यावा, पुन्हा नावेवरून परत आणावा आणि दुसऱ्या बाजूला बारखालून वर घेऊन बकलमध्ये ओवावा. दोन्ही बाजूंना तो कॅरिअरच्या पायाच्या आतून, म्हणजे पाय आणि नाव यांच्या मधून जायला हवा, म्हणजे बारच्या टोकाकडून निसटू शकत नाही. बकल फेकू नये, काच फुटते. पट्ट्याला एक-दोन पीळ द्यावेत. सपाट पट्टा वाऱ्यात कंप पावून असा घोंघावतो की आत बसलेल्याला बोलणे ऐकू येत नाही. उरलेले टोक गाठ मारून बंद करावे. मग नाव दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावी. नाव हलताना तिच्यासोबत सगळी गाडी डुलली तर बांधणी बरोबर आहे. नुसती नाव हलली तर पट्टे सैल आहेत, आणि नाव व बार मिळून हलले तर दोष कॅरिअरच्या पायात आहे.

आता नाकाची आणि शेपटीची दोरी. या दोन दोऱ्या बहुतेक जण कंटाळ्यापोटी टाळतात, पण लांबच्या प्रवासात माझा सर्वाधिक भरवसा त्यांच्यावरच आहे, कारण त्या नावेला थेट गाडीच्या अंगाशी जोडतात आणि कॅरिअर सुटले तरी नाव रस्त्यावर जात नाही. पुढची दोरी टोइंगच्या हुकाला किंवा बॉनेटच्या आतल्या बोल्टमध्ये पक्क्या केलेल्या पट्ट्याच्या फासाला बांधावी, मागची दोरी मागच्या हुकाला. प्लॅस्टिकच्या बंपरला कधीही नाही. या दोऱ्या ताठ असाव्यात पण नाव वाकेल इतक्या ओढलेल्या नसाव्यात. पुढच्या दोरीचे लोंबते टोक चाकाखाली गेले तर क्षणात नाव आणि टप दोन्ही मोडतात, तेव्हा उरलेली दोरी कापून टाकावी किंवा गुंडाळून पक्की करावी. ही दोरी चालकाला सतत समोर दिसते हा तिचा आणखी एक उपयोग : ती फडफडू लागली की वर काहीतरी बदलले आहे असे समजून थांबावे.

निघण्यापूर्वी नावेच्या पाणी काढायच्या बुचाचा आटा सैल करून ठेवावा. साताऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर आहे आणि तिथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ८ टक्के कमी असतो. वर घट्ट बंद केलेली नाव घाट उतरताना बाहेरून दाबली जाते, आणि परतीच्या चढणीला, त्यातही उन्हात, आतून फुगते. खाडीत उतरण्याआधी हे बूच घट्ट केल्याची दोनदा खात्री करावी.

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास नावेवरचा जोर दीडपटीहून अधिक होतो. महामार्गावर ८० ही माझी मर्यादा आहे, आणि कंटेनरला ओलांडताना त्याच्या आडोशातून बाहेर पडल्यावर बसणारा बाजूचा झोत लक्षात घेऊन स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे. साताऱ्याहून पाटणला ठोसेघर-चाळकेवाडीच्या पठारावरूनही जाता येते आणि तो रस्ता देखणा आहे, परंतु जिथे पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत तिथून टपावर नाव घेऊन जाऊ नये. गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या उसाच्या दुहेरी ट्रॉल्या अचानक पुढ्यात येतात; जोराचा ब्रेक लागला की नाव पुढे झेपावते आणि मागची दोरी त्याच क्षणासाठी असते. नावेसकट गाडीची उंची मोजून कागदावर लिहून समोर चिकटवावी, वडाच्या खाली आलेल्या फांद्या आणि हॉटेलांच्या कमानी यांपुढे ती उपयोगी पडते.

पहिले दहा किलोमीटर झाले की थांबून सगळे हाताने चाचपावे, कारण पट्टे याच टप्प्यात बसतात आणि सैल होतात. त्यानंतर दर तासाला, आणि घाटाच्या माथ्यावर व पायथ्याशी न चुकता पाहावे. बारचे पाय जिथे बसवले तिथे टपावर चिकटपट्टीची बारीक खूण केलेली असली तर चार बोटे तर सोडाच, अर्धे बोट सरकलेलेही लगेच दिसते.

उतरवताना आधी दोऱ्या आणि मग पट्टे सोडावेत, तेही दुसऱ्या माणसाने नाव धरलेली असताना, कारण किनाऱ्यावरचा वारा सुटी नाव सहज उलटवतो. घरी आल्यावर बकल आणि कॅरिअरचे बोल्ट गोड्या पाण्याने धुवावेत. बकलच्या दात्यांत अडकलेली वाळू पुढच्या फेरीत पट्टा निसटू देते. पट्टे सावलीत वाळवावेत, आणि कडा उसवलेला किंवा उन्हाने कडक झालेला पट्टा तिथल्या तिथे कापून टाकावा, म्हणजे घाईच्या पहाटे तो चुकूनही हाती लागणार नाही.