लामार खोऱ्यात कायोटी शोधताना

सोलापूरकडच्या माळावरचा कोल्हा माझ्या डोळ्यांत बसलेला. त्यामुळे अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पहिला कायोटी, म्हणजे लांडग्या-कोल्ह्याचा तिकडचा भाऊबंद, दिसला तेव्हा 'लांडगा, लांडगा' करत मी गाडीतल्या सगळ्यांना उठवलं. हसं झालं. तेव्हा आधी फरक बघा: कायोटी साधारण 10 ते 15 किलोचा, तोंड निमुळतं, कान मोठे नि टोकदार. लांडगा त्याच्या तिप्पट वजनाचा, कान आखूड, गोलसर.

उजाडायच्या आत उद्यानातल्या लामार खोऱ्यात पोहोचा, गाडी कडेला ठरलेल्या जागी लावा, इंजिन बंद करा. दुर्बीण भिरभिर फिरवू नका. गवताचा, हिवाळ्यात बर्फाचा, एकेक पट्टा सावकाश न्याहाळा. मान तिरकी करून जमिनीकडे कान लावलेला कायोटी दिसला, की श्वाससुद्धा हळू घ्या. बर्फाखालच्या उंदराची खुडबुड ऐकतोय तो. मग एकदम उंच उडी, आणि पुढचे पाय नि नाक थेट बर्फात! मी पाहिलेल्याच्या तीन उड्या फुकट गेल्या, चौथीला उंदीर.

लांडगे 1995 मध्ये इथे परत आणले. त्यांनी मारलेल्या एल्कचं, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाचं, उरलंसुरलंही कायोटी खातो, पण लांडग्यांच्या तावडीत सापडला तर हे जेवण जिवावरचं.

तो दिसलाच नाही, तर पायवाटेवरची पिळदार विष्ठा बघा: केस, हाडांचे तुकडे, उन्हाळ्याअखेर फळांच्या बिया. हात मात्र लावू नका.

अंतर किमान 23 मीटर. आणि डब्यातला चिवडा डब्यातच ठेवा. खाऊ मिळालेला कायोटी रस्त्यावर येऊन गाड्या अडवायला शिकतो.