बाहुलीघरात मॉडर्न फर्निचर मांडताना या चुका टाळा

नक्षीदार खुर्ची छोटी करताना हात अर्धा मिलिमीटर चुकला, तरी नक्षी ती चूक पोटात घेते. मॉडर्न खुर्चीला नक्षीच नसते. तिथे रेषा, जाडी आणि कोन, एवढंच. आपण राहतो कोकणच्या किनाऱ्यावर, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जूनमध्ये कपाटाचं दारही लागेनासं होतं. म्हणजे आपण सांभाळलेला अर्धा मिलिमीटर हवा परत हलवते. भाचीसाठी हापूसच्या तीन रिकाम्या पेट्यांचं बाहुलीघर केलं, तेव्हापासून मी या अर्ध्या मिलिमीटरच्या मागे आहे. त्यात जे बिघडलं आणि जे दुरुस्त झालं, ते इथे लिहिते.

मापांची सरमिसळ

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. बाहुलीघराचं जगभर चालणारं माप १:१२, म्हणजे खऱ्या फुटाला इथे एक इंच. सात फुटी दार इथे सात इंचांचं. पण बार्बी सुमारे २९ सेंटिमीटर उंच असते, तिचं माप १:६. जर्मनीतल्या व्हिट्रा डिझाइन म्युझियमच्या प्रसिद्ध छोट्या खुर्च्याही १:६ च्याच. शिवाय १:१६ आणि १:२४ आहेतच. ऑनलाइन विकताना मात्र नुसतं 'मिनिएचर' लिहितात.

मी पहिली बार्सेलोना खुर्ची अशीच मागवली. वास्तुकार लुडविग मीस व्हान डेर रोह आणि लिली राइश यांनी १९२९ साली बार्सेलोनाच्या प्रदर्शनातल्या जर्मन दालनासाठी केलेली ती खुर्ची, तिच्या फुलीसारख्या पायांवर माझा फार जीव. खरी खुर्ची साधारण ७५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मला हवी होती सव्वासहा सेंटिमीटरची. खोक्यातून निघाली साडेबाराची. दिवाणखान्यात ठेवली तर मागची खिडकीच दिसेना. भाची म्हणाली, "मावशी, ही राक्षसाची खुर्ची आहे का?"

मागवण्याआधी खऱ्या वस्तूचं माप शोधा, बाराने भागा, तेवढा वर्तमानपत्राचा तुकडा कापून खोलीत ठेवून बघा. दोन आकडे तर पाठच करा: जेवणाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून पावणेचार सेंटिमीटर, टेबल सहा ते सव्वासहा. विक्रेत्याने उंची दिली नसेल तर विचारा, आणि उत्तर आलं नाही तर घेऊ नका. चुकून १:१६ ची वस्तू आली असेल, तर ती वरच्या मजल्यावर मागच्या भिंतीला लावा. नजर तिला लांबची समजते आणि खपून जाते. दुप्पट मोठी वस्तू मात्र कुठेही लपत नाही. माझी बार्सेलोना आता पुस्तकांच्या फळीवर एकटी बसते.

जाडी

लांबी-रुंदी सगळे मोजतात, जाडी कोणी मोजत नाही. घरातलं प्लाय साधारण १८ मिलिमीटरचं असतं, ते १:१२ मध्ये दीड मिलिमीटर होतं. आपण हाताला लागतं म्हणून चार मिलिमीटरचं प्लाय घेतो आणि टेबल ओट्यासारखं दिसायला लागतं. पेटीची फळी घरासाठी चांगली, फर्निचरसाठी नाही. आइस्क्रीमची काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते, ती पॉलिश पेपरवर घासून खाली आणता येते.

लाकडाची जातही बघा. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा हलका, मऊ आणि रंग छान धरणारा. त्याची केळी-आंबे झकास होतात. पण त्याचा बारीक पाय केला की तो मोडतोच. सागाच्या रेषा एवढ्या छोट्या वस्तूवर रुंद दिसतात. हेद मिळाला तर घ्या, त्याचा पोत बारीक. आणि पायांसाठी माडाचे हीर. खराट्यातला सुकलेला, सरळ हीर निवडा. तो मुळाशी जाड आणि टोकाला निमुळता असतो, पन्नाशीच्या दशकातल्या खुर्च्यांच्या तिरक्या पायांसारखा. तासायचीही गरज पडत नाही. ओला हीर मात्र वापरू नका, आठवड्यात वाकडा होतो.

मार्सेल ब्रॉयरची १९२५ ची वासिली खुर्ची वाकवलेल्या पोलादी नळीची आहे. छोटी करताना साधारण दोन मिलिमीटरची तार लागते. लोखंडी तार घेऊ नका, खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंज चढतो आणि कापडाच्या पट्ट्यांवर तांबूस डाग पडतात. जुन्या सर्व्हिस वायरमधली अ‍ॅल्युमिनियमची तार चांगली. दोन फळ्यांमध्ये धरून लाटली की सरळ होते. दातेरी पक्कडीने वाकवलीत तर चावे उमटतात. खिळ्याभोवती किंवा पेन्सिलीभोवती हाताने वळवा आणि एकदाच वळवा. मागेपुढे केलेली तार त्याच जागी तुटते. शेवटी पारदर्शक वॉर्निशचा एक हात द्या, नाहीतर वर पांढरी पूड धरते.

एरो आर्नियोची १९६३ ची बॉल चेअर, म्हणजे एका बाजूने उघड्या पोकळ चेंडूसारखी खुर्ची, करायची असेल तर कोकणात आपण भाग्यवान. खऱ्या चेंडूचा व्यास सुमारे ११० सेंटिमीटर, म्हणजे १:१२ मध्ये नऊ सेंटिमीटर. लहान नारळाची करवंटी बरोबर तेवढी भरते! फक्त मधोमध कापू नका. अर्ध्या करवंटीची वाटी होते, खुर्ची नाही. तोंड अर्ध्याच्या जरा वर ठेवून गोल कापा, शेंड्या पूर्ण घासून काढा आणि आत लाल फ्लॅनेल लावा.

वेताच्या बैठकीतही सगळे चुकतात. पिएर जानरेने चंडीगडच्या सरकारी इमारतींसाठी केलेल्या खुर्च्या सागाच्या आणि वेताच्या. त्यासाठी लोक सुतळी विणतात, ती दोरखंडासारखी दिसते. भरतकामाचं मॅटी कापड घ्या, फेव्हिकॉलच्या पातळ पाण्यात बुडवून ताणून सुकवा आणि चहाच्या पाण्याने रंगवा.

गोंद, रंग आणि हवा

चार्ल्स आणि रे इम्स यांची १९५६ ची लाउंज चेअर वाकवलेल्या प्लायची आहे. व्हिनियरचे दोन-तीन पातळ थर फेव्हिकॉलने चिकटवून बाटलीभोवती घट्ट बांधले की तो बाक येतो. मी जुलैत बांधले आणि दुसऱ्या दिवशी सोडले. रात्रीत सगळे उलगडून सपाट झाले होते. ओळखीच्या सुतारकाकांना दाखवले, तर म्हणाले, "पावसात लाकडाक हात लावू नको गो. गणपती जाऊं देत, मगे बघ." त्यांचं खरं होतं. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून पावसाळ्यात नीट बसवलेला सांधा ऑक्टोबरच्या उन्हात उघडतो. पावसात करायचंच असेल तर बांधलेलं दोन-तीन दिवस सोडू नका आणि ड्रॉवर, दारं यांना कागदाच्या जाडीची फट ठेवा.

सुपरग्लूच्या सांध्याभोवती पांढरी धूळ दिसते ती बुरशी नसते. गोंदाची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून तिथेच बसते, आणि आपल्याकडे ओलावा भरपूर. गोंद टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच घ्या, वस्तू पंख्याखाली उघडी ठेवा, लगेच डबीत बंद करू नका. उघड्या धातूवरची धूळ अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरने निघते. प्लॅस्टिकवर आणि रंगावर तो लावू नका, दोन्ही विरघळतात.

पावसात स्प्रे मारलेला लॅकर दुधाळ होतो. घासून काढायची घाई नको. कोरड्या दिवशी वरून एक पातळ हात मारा, बहुतेक वेळा चमक परत येते. थर्माकोलच्या सोफ्यावर स्प्रे थेट मारू नका, थर्माकोल वितळतो. आधी फेव्हिकॉल आणि कागदाचा थर द्या.

उशीला वजन यावं म्हणून आत काहीतरी भरावं लागतं, नाहीतर ती फुग्यासारखी बसते. तांदूळ, रवा भरलात तर किडे होतात. समुद्राची वाळू भरलीत तर मीठ ओल ओढतं आणि कापड कायम दमट राहतं. नदीची बारीक वाळू चाळून, धुऊन, उन्हात कडक वाळवून घ्या. कापड जुन्या मलमलीचं. ठिपके, चौकडी अशी घ्या की उशीवर निदान सहा-सात वेळा बसेल. नऊवारीचा काठ कितीही सुंदर असला तरी या सोफ्यावर तो गालिच्याएवढा दिसतो.

डुगडुगणारी खुर्ची

एक पाय कापला, मग दुसरा, असं करत खुर्चीचा पाट होतो. काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, खुर्ची उभी धरा आणि चारही पाय एकदम गोल घासा. दोन मिनिटांत चारही टेकतात.

सगळंच एका खोलीत

एवढं केल्यावर सगळं मांडावंसं वाटतं. या खुर्च्या चारही बाजूंनी बघायला केलेल्या आहेत, त्यांना मागे मोकळी भिंत लागते. आमच्या दिवाणखान्यात आता एक बॉल चेअर, एक बुटकं टेबल आणि दाराशी पाट आहे. पाट भाचीने ठेवला, मी काढला नाही.

दिवे लावणार असाल तर बटण सेल स्क्रूने बंद होणाऱ्या डबीत ठेवा. लहान मुलाने तो गिळला तर पोटापर्यंतही न पोचता अन्ननलिका भाजून जिवावर बेततं, त्यामुळे इथे टेपवर भागवू नका.

मे संपता संपता फर्निचर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. आत अडकलेली ओल बाहेर जात नाही आणि महिनाभरात बुरशी येते. प्रत्येक वस्तू सुती फडक्यात गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पावसाळ्यात मधे एखादं ऊन पडलं की डबा उघडा आणि त्या पुड्या बदला.